मोठ्या मुलांनाही घर हवे असते
(गणेशोत्सव २०२५ मध्ये मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)





सर्वप्रथम एक गोष्ट कबूल करतो. मी वक्ता नाही. मी डिप्लोमावाला माणूस. वॅगनचे बेअरिंग का तापले किंवा ब्रेक का धरत नाही असे विचारलेत तर तासभर बोलू शकेन, पण व्यासपीठावर उभे राहिले की माझाच ब्रेक लागतो. तरीही यंदा सांस्कृतिक सचिवांनी आग्रह धरला, कारण आमच्या घरात घडलेली गोष्ट कॉलनीत सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्याबद्दल निरनिराळ्या चर्चाही झाल्या आहेत. तेव्हा म्हटले, चर्चा होतेच आहे तर ती समोरासमोर व्हावी. मुलांना विचारूनच इथे उभा आहे. त्यांची नावे घेणार नाही, अशी त्यांनी अट घातली आहे व ती मी मान्य केली आहे.

विषय आहे मोठ्या वयाच्या निराधार मुलांचा आणि एकत्र असलेल्या भावंडांचा. त्यांना कायमचे घर का मिळत नाही आणि आपण काय करू शकतो, याबद्दल मला बोलायचे आहे.

सुरुवात २००७ सालापासून करतो. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे २००३ मध्ये नवीन झाली, त्याच्या पुढच्याच वर्षी मी नोकरीला लागलो. भिलाई मार्शलिंग यार्डात रात्रपाळी होती. जानेवारीचा महिना, पहाटेचे चार वाजले असतील. रिकाम्या रेकची तपासणी चालू असताना आमच्या खलाशाने हाक मारली. एका बॉक्स वॅगनच्या कोपऱ्यात पोत्यावर दोन मुले झोपली होती. मोठा दहाएक वर्षांचा, धाकटा सहाचा. धाकट्याचा हात मोठ्याने स्वतःच्या शर्टाच्या आत धरून ठेवला होता, थंडी लागू नये म्हणून. आम्ही त्यांना चहा-बिस्कीट दिले आणि नियमाप्रमाणे आरपीएफच्या स्वाधीन केले. आपले कर्तव्य झाले असे समजून मी घरी येऊन झोपलो.

पंधरा दिवसांनी सहज चौकशी केली तेव्हा कळले की वयाच्या गटाप्रमाणे दोघांना दोन वेगळ्या संस्थांत ठेवले आहे. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. यार्डात आम्ही रोज रेक तोडतो आणि जोडतो. हा वॅगन इकडे, तो तिकडे, ज्याची जशी दुरुस्ती तशी त्याची लाइन. वॅगन तक्रार करत नाही.

पुढे २०१६ मध्ये दुर्ग स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या विकणारा एक तरुण माझ्याकडे टक लावून पाहत होता. जवळ आला आणि म्हणाला, "साहब, आप यार्ड वाले साहब हो ना? मेरा भाई कहाँ है, आपको पता है क्या?" तोच तो मोठा मुलगा. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडला होता. धाकट्याला मधल्या काळात दुसऱ्या जिल्ह्यात हलवले होते आणि त्याचा कागद कुठल्या फाइलमध्ये आहे ते कोणी सांगत नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला माझा नंबर लिहून दिला, दोन-तीन ठिकाणी चौकशाही केल्या, पण हाती काही लागले नाही. त्याचा फोन कधीच आला नाही.

मित्रहो, आजच्या भाषणाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. ज्याच्या उत्सवासाठी आपण जमलो आहोत त्या गणरायाच्या भावाला, कार्तिकेयाला, सहा कृत्तिकांनी वाढवले. श्रीकृष्णाला यशोदेने वाढवले. कर्णाला अधिरथ आणि राधेने वाढवले, म्हणून तो राधेय. शकुंतलेला कण्वांनी वाढवले. आमच्या अचलपूरकडची, आता बंद पडलेली, छोटी गाडीसुद्धा शकुंतला नावानेच ओळखली जायची! म्हणजे दुसऱ्याचे मूल आपले मानणे आपल्याला नवे नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या कथांमध्ये मूल तान्हे आहे. नऊ-दहा वर्षांचे, सगळे समजणारे, आपले दुःख आठवणारे मूल कोणी घरी आणले अशी कथा आपण मुलांना सांगत नाही.

मात्र भावंडांची एक कथा मराठी माणसाजवळ आहे आणि तिच्याहून मोठी दुसरी नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. आईवडील गेले, समाजाने वाळीत टाकले, पण चौघे एकत्र राहिले. निवृत्तिनाथ थोरले भाऊ होते, तेच गुरू झाले. ज्ञानदेव रुसून झोपडीचे दार लावून बसले तेव्हा ते उघडायला लावले धाकट्या बहिणीने. एखाद्या दयाळू गृहस्थाने "धाकटी मुक्ता तेवढी आम्ही नेतो" असे म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा. चौघांनी एकमेकांना सांभाळले, म्हणून आपल्याला ज्ञानेश्वरी मिळाली.

आता थोडी माहिती, कारण गैरसमज फार आहेत.

आपल्या देशात दत्तक देण्याघेण्याचे काम केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', पाहते. २०१५ चा बालन्याय कायदा आणि २०२२ ची दत्तक नियमावली यांच्या आधारे सगळे चालते. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुले दत्तक गेली. हा अलीकडच्या बारा वर्षांतील उच्चांक होता. दुसरीकडे नोंदणी करून वाट पाहणारे पालक पस्तीस हजारांहून जास्त आहेत आणि थांबण्याचा काळ सरासरी तीन वर्षांच्या वर गेला आहे. मग प्रश्न पडतो की पालक इतके आणि मुलांना घर का नाही? उत्तर असे की जवळजवळ प्रत्येकाला दोन वर्षांच्या आतले, निरोगी, एकटे बाळ हवे आहे. आठ वर्षांची मुलगी, दोन-तीन भावंडे, अपंग मूल, यांच्यापाशी रांग संपते. पालकांची रांग एका खिडकीपुढे आणि मुले बसली आहेत दुसऱ्या खिडकीत!

दुसरा गैरसमज असा की बालगृहात राहणारे प्रत्येक मूल दत्तक मिळू शकते. तसे नाही. पुष्कळांचे आई किंवा वडील हयात असतात. बालकल्याण समितीने चौकशी करून मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे असे जाहीर केले तरच ते दत्तक देता येते. ज्यांना वर्षानुवर्षे भेटायला कोणी येत नाही अशांची ही चौकशी वेळेवर झाली नाही तर मूल तिथेच मोठे होते. बाळ म्हणून आलेले मूल कागद पूर्ण होईपर्यंत "मोठे मूल" होऊन बसते. यात मुलाचा काय दोष?

तिसरी गोष्ट भावंडांची. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मुलगा असताना दुसरा मुलगा किंवा मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. म्हणजे दोन सख्खे भाऊ एका घरात दत्तक जाऊ शकत नव्हते. ही अडचण २००० सालच्या बालन्याय कायद्याने दूर केली. आजच्या कायद्यात तर प्रतिपालक कुटुंब निवडताना भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा असे कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. त्यांच्याच हिताला बाध येत असेल तर गोष्ट वेगळी.

वयाचीही मर्यादा आहे. दोन वर्षांखालील बाळासाठी पती-पत्नीच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते. आठ ते अठरा वयाच्या मुलासाठी ती ११० पर्यंत चालते. मात्र पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर हवे. म्हणजे आपल्यापैकी जे पन्नाशीला आले आहेत आणि "आता उशीर झाला" असे म्हणतात, त्यांना बाळासाठी उशीर झाला असेल. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी झालेला नाही.

आता घरची गोष्ट. आमचे लग्न २००९ मध्ये झाले. मूल झाले नाही. डॉक्टर झाले, नवस झाले. २०१९ मध्ये आम्ही नोंदणी केली आणि फॉर्मवर सर्वांसारखेच लिहिले, वय शून्य ते दोन. तीन वर्षे वाट पाहिली. एका रात्री जेवताना मी सौ.ला दुर्ग स्टेशनवरची ती गोष्ट पुन्हा सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, आपण ज्याची वाट बघतोय ते बाळ कोणीही घेईल. जे कोणी घेत नाही, ते बघू या का?" मी चाचरलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला भीती वाटत होती. मोठे मूल आपल्याला आई-बाबा मानेल का? जुन्या सवयी असतील तर? पण तिचा निर्णय झाला होता.

२०२३ मध्ये विदर्भातील बहीण-भाऊ आमच्या घरी आले. ती दहा वर्षांची, तो सात वर्षांचा. समाजसेविकेने आधीच घर पाहून, आमची व शेजाऱ्यांची चौकशी करून अहवाल दिला होता. मुले आधी दत्तकपूर्व प्रतिपालनात येतात, मग आदेश होतो. हा आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यापासून दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी असते. कागद पुष्कळ लागतात, पण रेल्वेत काम केलेल्या माणसाला कागदाची भीती कसली!

रजेची मात्र पंचाईत झाली. तेव्हाच्या नियमात दत्तक रजा एक वर्षाखालच्या बाळासाठीच होती. दहा वर्षांच्या मुलीला आईबापाची ओळख करून घ्यायला रजा लागत नाही, असा त्याचा अर्थ! मी साठवलेली रजा काढली.

पहिले सहा महिने सोपे नव्हते. हे लपवले तर मी तुम्हाला फसवल्यासारखे होईल. आमची मुलगी स्वतः जेवायच्या आधी भावाचे ताट पाहायची. त्याच्या पोळ्या मोजायची. रात्री उशीखाली पोळी ठेवायची, उद्यासाठी. सौ.ने तिला रागावले नाही. तिने एक डबा आणला, त्यात लाडू भरले आणि मुलीच्या हातात दिला. "हा तुझा डबा. हा कधी रिकामा होणार नाही," एवढेच सांगितले. दोन महिन्यांनी उशीखालची पोळी बंद झाली.

मुलगा रागावला की न्हाणीघरात जाऊन कडी लावायचा. मी बाहेरून समजावायचो, धमकवायचो, काही उपयोग नाही. मग ताई यायची, दाराला टेकून बसायची आणि हळू आवाजात त्याच्याशी बोलायची. दहा मिनिटांत कडी निघायची. मुक्ताईची आठवण मला तेव्हा झाली. या दोघांना वेगळे केले असते तर ती कडी कोणी काढली असती? पण आम्हाला आणखी एक काम करायचे होते. दहा वर्षांची ती पोर त्याची आई होऊन बसली होती. तिला पुन्हा मुलगी होऊ देणे हे आमचे खरे काम. ज्या दिवशी तिने भावाशी रिमोटवरून कडाक्याचे भांडण केले, त्या दिवशी सौ.ने देवापुढे साखर ठेवली.

आता एक प्रसंग सांगतो आणि तो कोणाला दुखवण्यासाठी सांगत नाही. पहिल्याच वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी घरी पाहुणे होते. एक काकू सौ.ला म्हणाल्या, "मुलगा गोड आहे हो. तो एकटा तेवढा घ्यायचा होता. मोठ्या पोरीला कशाला आणलंत?" बोलण्यात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. पण मुलगी आत ताटे पुसत होती. रात्री ती माझ्याजवळ आली. तोपर्यंत ती मला 'काका' म्हणत असे. म्हणाली, "काका, मला परत पाठवलंत तरी चालेल. पण त्याला मला भेटायला आणाल ना?"

मी सत्तर टनांचे वॅगन रुळावरून घसरलेले पाहिले आहेत. त्या रात्रीइतका हादरलो नव्हतो.

मी काही बोलू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पासचा कागद आणून तिच्यापुढे ठेवला. रेल्वेत कुटुंब कोणते याचे उत्तर सोपे आहे, ज्याचे नाव पासवर तो कुटुंबातला. आदेश झाल्यावर दोघांची नावे आम्ही लावून घेतली होती. तिने स्वतःचे नाव बोटाने वाचले, मग भावाचे, मग पुन्हा स्वतःचे. "हे खोडतात का?" तिने विचारले. मी म्हटले, "तुझं लग्न होईपर्यंत नाही. आणि पासवरून खोडलं तरी घरातून नाही." त्या दिवाळीत आम्ही चौघे त्याच पासवर परतवाड्याकडे माझ्या आजोळी गेलो. बडनेरा आले तेव्हा तिने मला पहिल्यांदा "बाबा" म्हणून उठवले. स्टेशन निघून जाईल म्हणून!

आजोळाजवळच वझ्झर आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांचे बालगृह आहे. रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर, उकिरड्यावर टाकून दिलेल्या अंध, मूकबधिर, मतिमंद अशा सव्वाशेच्या आसपास मुलांना त्यांनी स्वतःचे नाव दिले. कागदावर वडिलांच्या जागी शंकरबाबा पापळकर. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची अनेक वर्षांची मागणी एकच आहे. अठरा वर्षे झाली म्हणून अशा मुलांना बाहेर काढू नका, त्यांना कायमचे पुनर्वसन द्या. जळगाव स्टेशनजवळ बाळपणी टाकून दिलेली तिथली एक अंध मुलगी २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक परीक्षा उत्तीर्ण झाली. नागपूर स्टेशनवर सापडलेल्या एका मूकबधिर मुलीचे लग्न डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात झाले, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कन्यादान केले. ती दोघी कोणत्या स्टेशनवर सापडल्या ते मी मुद्दाम सांगितले. आपण रेल्वेवाले. ही मुले पहिल्यांदा आपल्यालाच दिसतात.

सिंधुताई सपकाळ आपल्या वर्ध्याच्या. २०२२ मध्ये त्या गेल्या. इतरांच्या मुलांत आणि आपल्या मुलीत भेदभाव होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलीला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवले होते. त्यांच्याकडे मूल अठराचे झाले की दार बंद होत नसे. मूल पायावर उभे राहीपर्यंत ते त्याचे घर असे.

कायद्यातही आता थोडी सोय आहे. अठरानंतर एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली, अठराव्या वर्षी बाहेर पडून पहिली रात्र पुणे स्टेशनवर काढलेली एक मुलगी त्यासाठी लढली, म्हणून ते मिळाले. पण आरक्षणाने नोकरी मिळते, दिवाळीला जायला घर मिळत नाही.

आता आपण काय करू शकतो? प्रत्येकाने दत्तक घ्यावे असे मी म्हणत नाही. तीन वाटा सांगतो.

पहिली वाट दत्तकाची. ज्यांनी नोंदणी केली आहे, त्यांनी फॉर्मवरच्या वयाच्या रकान्यासमोर पुन्हा एकदा बसावे आणि भावंडांचा रकाना कोरा सोडू नये.

दुसरी वाट प्रतिपालनाची. सहा वर्षांवरील जी मुले दत्तक जात नाहीत, त्यांना ठरावीक काळ आपल्या घरी वाढवायचे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही हे करता येते, आणि दोन वर्षांनी मूल दत्तक घेण्याची वाटही उघडते. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे लागत. मुलाच्या खर्चासाठी मिशन वात्सल्यमधून महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे.

तिसरी वाट सर्वांत सोपी. एखाद्या गरीब विधवेला किंवा आजीला आधार मिळाला तर मुले संस्थेत जातच नाहीत, भावंडे एकत्र राहतात. महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे. आपल्याकडेही मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आहे. आपल्या कामवाल्या बाईला, यार्डातल्या कंत्राटी मजुराच्या कुटुंबाला हे माहीत नसते. दुर्गच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत त्यांच्यासोबत जाणे एवढे तरी आपल्याला जमेल.

आणि एक हात जोडून विनंती. स्टेशनवर एकटे मूल दिसले तर १०९८ वर फोन करा किंवा आरपीएफला कळवा. परस्पर कोणाला देऊ नका, तो गुन्हा आहे. पण कळवून घरी जाऊन झोपू नका, जसा मी झोपलो. दोन मुले असतील तर बालकल्याण समितीपुढे सांगा आणि लेखी द्या, ही भावंडे आहेत, यांना एकत्र ठेवा. तो एक कागद त्या रात्री मी लिहिला असता तर कदाचित दुर्ग स्टेशनवर मला तो प्रश्न ऐकावा लागला नसता. आजही फलाटावर पाण्याच्या बाटल्या घेऊन कोणी धावला की मी चेहरा पाहतो.

माझी मुलगी आज बारा वर्षांची आहे. मंडळाच्या आरतीत सर्वांत पुढे झांज वाजवणारी जी, तीच. आणि तिच्या शेजारी चुकीच्या ठेक्यावर टाळ वाजवणारा जो, तो माझा मुलगा. दोघे शेजारी शेजारी उभे राहतात.

 

गणपती बाप्पा मोरया!